हलव्याचा काटा

दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला कार्तिकापासून पौषापर्यंतच्या तीन महिन्यांत साखरेची चार निरनिराळी रूपे पाहावयास मिळतात. दिवाळीच्या सुमारास खारी बावली आणि सदर बाजार या भागांत साखरेचे हत्ती, घोडे आणि देवळे यांचे ढीग लागतात. हे 'खांड के खिलौने' लाह्या-बत्ताशांबरोबर लक्ष्मीपूजनात मांडले जातात. डिसेंबर उजाडला की बेकऱ्यांच्या काचेआड नाताळची बिस्किटे दिसू लागतात. तारे, घंटा, सूचिपर्णी झाडे अशा आकारांच्या या बिस्किटांवर पांढऱ्या, तांबड्या, हिरव्या साखरेची नक्षी काढलेली असते. १९२६ साली सुरू झालेल्या कॅनॉट प्लेसमधील 'वेंगर्स'सारख्या दुकानांनी ही रीत दिल्लीकरांच्या चांगली अंगवळणी पाडली आहे. जानेवारीच्या १३ तारखेला लोहडीच्या शेकोटीभोवती रोहतकची किंवा मेरठची रेवडी वाटली जाते. आणि दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, मराठी घरातील डब्यातून चौथे रूप बाहेर येते. तो आपला काटेरी हलवा.

या चौथ्या रूपाची ओळख करून देताना मात्र दिल्लीत थोडी पंचाईत होते. येथे हलवा म्हणजे गाजराचा, मुगाचा किंवा रव्याचा. तुपाने चमकणारा आणि कढईतून वाढला जाणारा. अर्थसंकल्पाची कागदपत्रे अखेरच्या टप्प्यात आली की अर्थ मंत्रालयात जो हलवा समारंभ होतो, तोही कढईतल्याच हलव्याचा. अशा शहरात 'आमच्याकडे नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतात' असे सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाजराचा हलवा गळ्यात घातलेली वधू उभी राहते आणि तो सभ्यपणे विषय बदलतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ केवळ 'गोड पदार्थ' असा आहे. उत्तरेने तो शब्द कढईतल्या पदार्थाला दिला आणि आपण तिळावर चढविलेल्या साखरेला दिला, एवढाच हा भेद.

ही चारही रूपे एकाच साखरेची आहेत. असे असता एक गुळगुळीत, एक काचेसारखे, एक ठोकळ्यासारखे आणि एक काटेरी का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर पाकातील पाणी कसे आणि किती वेगाने बाहेर पडते यात आहे. ते समजले म्हणजे आपल्या हलव्याच्या अंगावरील काट्याचे महत्त्वही ध्यानात येईल.

साखर पाण्यात विरघळते, पण अमर्याद विरघळत नाही. साधारण थंड-उबदार हवेत एक भाग पाण्यात वजनाने सुमारे दोन भाग साखर मावते. पाणी उकळते असले तर जवळजवळ पाच भाग मावते. म्हणून गरम पाक थंड होऊ लागला किंवा त्यातील पाणी आटू लागले, की त्यात मावेल त्याहून अधिक साखर शिल्लक राहते. या जादा साखरेला द्रावणाबाहेर पडावेच लागते. ती बाहेर पडताना तिचे कण एकमेकांशेजारी शिस्तीने बसले तर स्फटिक तयार होतात. शिस्तीने बसण्यास वेळच मिळाला नाही, तर ते अस्ताव्यस्त अवस्थेतच गोठतात आणि काचेसारखा पदार्थ तयार होतो. आपल्या स्वयंपाकघरातील एकतारी, दोनतारी, गोळीबंद या संज्ञा म्हणजे पाकात पाणी किती उरले हे ओळखण्याच्या खुणाच होत. उष्णतामापक यंत्र घरात येण्यापूर्वी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये सुटणाऱ्या तारेने ते काम चोख बजावलेले आहे.

आता ही रूपे एकेक पाहू. दिल्लीची खेळणी आणि आपल्याकडे होळी-पाडव्याला गुढीवर चढणाऱ्या साखरेच्या गाठी ही सख्खी भावंडे. दोहोंतही पाक चांगला घट्ट करून, तो दाट व दुधाळ होऊ लागताच लाकडी साच्यात ओतावयाचा. साच्यात शिरताना तो वाहता असतो, आणि थोड्याच वेळात असंख्य बारीक स्फटिक एकदम बनून सारा ठोकळा घट्ट होतो. गाठीत दोरा आधीच घातलेला असतो, तो आपोआप पक्का बसतो. येथे आकार साच्याचा; कारागिराचे कसब पाक ओतण्याची घटका साधण्यात.

रेवडीची गोष्ट नेमकी उलट. तिच्यासाठी पाक इतका आटवतात की पाणी जवळजवळ उरतच नाही. तो पाक खुंटीवर टाकून पुन्हा पुन्हा ओढतात. त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे शिरून तो पांढरट आणि खुसखुशीत होतो. स्फटिक बनण्यास फुरसत न देता त्याचे तुकडे करून भाजलेल्या तिळांत घोळवतात. रेवडीत साखर आत आणि तीळ बाहेर. हलव्यात तीळ आत आणि साखर बाहेर. लोहडी आणि संक्रांत यांच्यात एकाच रात्रीचे अंतर, दोन्ही सणांना तीळ व साखर हेच दोन जिन्नस, आणि तरीही दोन प्रांतांनी त्यांची जागा अशी परस्परांत बदलून घ्यावी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

नाताळच्या बिस्किटांवरील नक्षीसाठी पाक लागतच नाही. अंड्यातील पांढरा बलक फेसून त्यात वस्त्रगाळ पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब घातले की जो शुभ्र लेप तयार होतो, त्याला 'रॉयल आयसिंग' म्हणतात. विलायतेत व्हिक्टोरिया राणीच्या १८४० मधील विवाहाच्या केकवर पांढऱ्या साखरेचा लेप होता आणि त्यावरून हे राजेशाही नाव रूढ झाले, असे सांगण्यात येते. या लेपात पिठीसाखरेचे बारीक कण बलकातील प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेले असतात. वाळला म्हणजे तो चिनी मातीसारखा कठीण आणि गुळगुळीत होतो. नक्षी काढणारा कारागीर एकच लेप दोन प्रकारे कालवितो. दाट लेप कागदाच्या निमुळत्या सुरळीतून पिळून तो प्रथम आकृतीची कड आखतो. मग पाण्याच्या थेंबांनी पातळ केलेला लेप त्या कडेच्या आत सोडतो. आपल्या शेताला बांध घालून पाणी सोडावे तशीच ही युक्ती. एक रंग पुरता वाळल्याखेरीज त्यावर दुसरा चढवावयाचा नाही, आणि भांड्याला तेलातुपाचा स्पर्शही असू द्यावयाचा नाही, कारण थोड्याशा ओशटपणानेही बलकाचा फेस धरत नाही. कच्च्या अंड्यातून रोगजंतू पोटात जाण्याचे भय असल्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी बलकाची तयार भुकटी वापरतात. या कलेचे सारे लक्ष पृष्ठभाग आरशासारखा होण्याकडे असते. त्यावर एखादा उंचवटा राहिला तर तो दोष समजला जातो.

आपल्या हलव्याची प्रतिष्ठा नेमकी त्या उंचवट्यावर अवलंबून आहे. गुळगुळीत हलवा मराठी गृहिणीच्या दृष्टीने बिघडलेला हलवा. 'काटा आला का?' हा एकच प्रश्न तिच्या शेजारणी विचारतात. तीळ, खसखस, वेलदाणे, लवंगा, साबुदाणा, भोपळ्याच्या किंवा काकडीच्या बिया, शेंगदाणे, बदाम यांपैकी कशावरही हलवा करता येतो; पण संक्रांतीचा खरा हलवा तिळाचा.

त्याची कृती सांगावयास चार वाक्ये पुरतात आणि करावयास तीन-चार दिवस लागतात. साखरेत निम्मे पाणी घालून पाक उकळावा, त्यात चमचाभर दूध टाकून वर येणारी मळी काढून टाकावी, आणि एकतारी झाला की तो कोमट राहील असा बाजूस ठेवावा. जाड बुडाच्या परातीत मूठभर निवडलेले तीळ घेऊन ती अगदी मंद आचेवर ठेवावी. पूर्वी शेगडीतील निखाऱ्यांवर राख पसरून ही आच साधत असत. आता गॅसची ज्योत बारीक करून परातीखाली तवा ठेवतात. मग तिळांवर चहाच्या चमच्याने थोडासा पाक शिंपडावा, आणि बोटांच्या अग्रांनी तीळ हलक्या हाताने सतत फिरवीत राहावे. पाक वाळून दाणे मोकळे झाले, की पुन्हा तितकाच पाक आणि पुन्हा तेच फिरविणे. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे होतात. दुसऱ्या दिवशी त्यांना गोलाई येते. त्यानंतर केव्हातरी, बोटांना प्रथम आणि डोळ्यांना नंतर, काटा जाणवू लागतो.

या कृतीत चुकण्याच्या जागा अनेक आहेत, आणि प्रत्येक चुकीमागे एकच तत्त्व आहे. पाक एकतारीहून पातळ असला तर त्यात आणखी साखर विरघळण्यास वाव असतो, म्हणून तो नवा थर देण्याऐवजी आधीचे काटेच विरघळवितो. पाक फार घट्ट असला तर दाणे एकमेकांस चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. आच मोठी असली तर पाक दाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो, आणि परातीच्या तळाशी साखरेची भुकटी साचते. लिंबाचा रस अधिक पडला तर त्याच्या आंबटपणाने साखरेचे विघटन होऊन दुसऱ्या दोन शर्करा बनतात. त्या स्फटिक धरू देत नाहीत आणि हवेतील ओल ओढून घेतात, त्यामुळे हलवा चिकट राहतो. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे घाई करून एका वेळी चमचाभर अधिक पाक घालणे. त्या एका चमच्याने काट्यांमधील खोलगट जागा भरून निघतात आणि दोन दिवसांचे काम सपाट होते.

याच शेवटच्या चुकीत काट्याचे रहस्य आहे. तिळाचा दाणा आपल्याला गुळगुळीत दिसला तरी पहिले दोन-चार थर बसले म्हणजे त्याच्या अंगावर कोठे ना कोठे सूक्ष्म उंचवटे राहतातच. दाणा परातीत लोळतो तेव्हा परातीला आणि बोटाला प्रथम लागतो तो उंचवटा. तेथेच पाकाचा अंश आधी चिकटतो, तेथेच तो आधी वाळतो. म्हणजे जो भाग जरासा पुढे आला, तो पुढच्या फेरीत आणखी पुढे येतो, आणि जो मागे राहिला तो मागेच राहतो. पाक बेताचा असेल तोवर ही चढाओढ चालू राहते आणि उंचवट्याचा काटा होतो. पाक पुष्कळ झाला की तो खळग्यांतही पोहोचतो आणि सर्वांना सारखे करून टाकतो. तेव्हा काटा येतो तो साखर पुष्कळ घातल्यामुळे येत नाही. ती थोडी थोडी, परंतु न कंटाळता घातल्यामुळे येतो.

हा नियम केवळ आपल्या स्वयंपाकघरापुरता नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर 'कॉन्फेइतो' नावाची साखरेची गोळी जपानात गेली. लुईश फ्रोइश या धर्मोपदेशकाने १५६९ साली ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला भेट दिलेल्या वस्तूंत या गोळ्यांनी भरलेली काचेची कुपी होती. जपान्यांनी तिला 'कोन्पेइतो' म्हटले. १६८८ साली प्रसिद्ध झालेल्या ईहारा साइकाकूच्या एका कथासंग्रहात ही मिठाई तिळाभोवती साखर चढवून करण्याचा उल्लेख आहे. आजही जपानात तिरप्या फिरत्या कढईत दोन आठवड्यांहून अधिक काळ पाक शिंपडून ती तयार करतात, आणि तिच्या अंगावर आपल्या हलव्यासारखेच काटे असतात. हे काटे का यावेत आणि ते दाण्याच्या सर्व बाजूंना सारखे का यावेत, या प्रश्नाने तोराहिको तेरादा या विसाव्या शतकातील नामांकित पदार्थविज्ञानवेत्त्याला भुरळ घातली होती, आणि त्याने त्यावर लेखन केले. आपल्या आज्या जे बोटांनी जाणत होत्या, ते एका शास्त्रज्ञाला चिंतनाचा विषय वाटले, हे त्या आज्यांना सांगावयास हवे होते.

काटा यावयास थंडी लागते असे घरोघर म्हणतात, त्यालाही अर्थ आहे. थंड आणि कोरड्या हवेत परातीतून वर आलेला दाणा चटकन निवतो, त्यावरील पाकात मावेनाशी झालेली साखर लगेच धरते. पावसाळ्यात हवेतील ओल दाणा कोरडा होऊ देत नाही. या दृष्टीने दिल्लीचा जानेवारी हा पुण्याच्या जानेवारीपेक्षाही अनुकूल वाटावा, कारण येथे किमान उष्णमान सरासरीने सात-आठ अंशांपर्यंत उतरते. परंतु दिल्लीच्या थंडीबरोबर दिल्लीचे धुकेही येते आणि ते सकाळी घराच्या भिंतीसुद्धा ओलसर करते. म्हणून येथे हलवा करणाऱ्याने धुके विरल्यानंतरची दुपार साधावी, आणि सायंकाळी परातीतील दाणे उघडे न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. थंडी मिळते म्हणून निर्धास्त राहावे आणि ओलीने हलवा पाझरावा, हा प्रकार या शहरात सहज घडण्यासारखा आहे.

असा सिद्ध झालेला हलवा वाटला जातो आणि त्याचे दागिनेही होतात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे हार, बाजूबंद, बांगड्या, कर्णफुले, बिंदी, कमरपट्टा असा साज घालतात. जावयासाठी हार, अंगठी आणि हलव्याने मढविलेला नारळ असतो. लहान मुलाच्या बोरन्हाणाला काळे झबले, डोक्यावर हलव्याचा मुकुट आणि हातात हलव्याची बासरी. मग त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे आणि हलवा ओतला जातो, आणि तो वेचण्यासाठी शेजारची मुले तुटून पडतात. एरवी मंगल प्रसंगी वर्ज्य मानलेला काळा रंग या एका सणाला मानाने येतो. त्याचे कारण थंडीत ऊब धरणारा रंग असे देतात; पण काळ्या वस्त्रावर पांढरा हलवा जितका खुलतो तितका तो दुसऱ्या कशावरही खुलला नसता, हेही तितकेच खरे.

दागिने घडविण्यातही काटा उपयोगी पडतो. हलव्याचा दाणा सुईने टोचू गेले तर फुटतो. म्हणून तो ओवीत नाहीत. दोऱ्याच्या गाठीत अडकवितात. गुळगुळीत दाण्यावरून गाठ घसरेल, काटेरी दाण्यावर ती बसते. अशा सरी तयार करून त्या सोनेरी कागदावर किंवा जरीच्या पट्टीवर बसवितात. म्हणजे जो काटा शोभेसाठी वाटतो, तोच दागिन्याचा आधार असतो.

आता हे सारे घरी करणारी घरे थोडी राहिली आहेत. पुण्या-मुंबईच्या बाजारात हलवा आणि त्याचे तयार दागिने विकत मिळतात, ते टपालाने दिल्लीला येतात, आणि पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनापासून नोएडा-गुरुग्रामच्या उंच इमारतींपर्यंत विखुरलेल्या मराठी कुटुंबांची संक्रांत त्यांवर साजरी होते. यात खेद करण्यासारखे फारसे नाही. ज्या घरात दोघेही सकाळी नऊला बाहेर पडतात, तेथे तीन दिवस परातीपुढे बसावे अशी अपेक्षा कोणी कोणाकडून करू नये. शिवाय जुन्या काळी त्या परातीपुढे बसण्याचा भार घरातील बायकांवरच पडत असे आणि त्यांच्या बोटांना बसणारे चटके कोणी मोजले नाहीत, हेही विसरता कामा नये. विकतचा हलवा करणाऱ्या कारागिराचे कष्ट काही कमी नसतात.

तरीपण एक गोष्ट विकत मिळत नाही. पाक किती घालावा हे पुस्तकात लिहिता येते. 'आता पुरे' हे बोटाला कळावे लागते, आणि ते बोट दुसऱ्या बोटाशेजारी बसूनच शिकते. काही गृहिणी मूठभर तीळ घेऊन मुलांना शेजारी बसवून अजूनही एखाद्या रविवारच्या दुपारी हलवा करतात, तेव्हा त्या घराला पुरेल इतका हलवा होत नाही. त्याची गरजही नाही. बाजारातून आणलेल्या डब्यात ते मूठभर दाणे मिसळून टाकले तरी चालेल. बेतशीर आच, थोडा पाक आणि न थांबणारा हात यांतून काटा कसा उगवतो हे एका मुलाने स्वतःच्या बोटांनी अनुभवले, म्हणजे ती विद्या आणखी एक पिढी पुढे गेली. हे काम मुलगा आणि मुलगी या दोघांनाही शिकविता येते, आणि शिकवावे.

आणि या दागिन्यांचा शेवटही लक्षात ठेवण्यासारखा आहे. सोन्याचा दागिना तिजोरीत जातो. हलव्याचा दागिना हळदीकुंकवाच्या सायंकाळपुरता, फार तर रथसप्तमीपर्यंत राहतो. मग दोरा तोडून त्याचे दाणे घरातील मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या तळहातावर ठेवले जातात. चार दिवस खपून केलेली वस्तू एका वाटणीत संपते, आणि ती संपावी म्हणूनच केलेली असते. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' असे म्हणताना आपण समोरच्याच्या हातावर जो दाणा ठेवतो, त्याच्या अंगावरील प्रत्येक काटा कोणाच्या तरी बोटांखालून पुष्कळ वेळा फिरून गेलेला असतो, याची जाणीव असली तर तो दाणा आपण थोडा अधिक आदराने देऊ आणि थोडा अधिक सावकाश खाऊ.